सरांच्या खुर्चीतल्या चुका

"सर, तो आवाज तुमचा असतो की खुर्चीचा?"

हा प्रश्न मी आमच्या मुख्याध्यापकांना विचारला. त्यांच्या केबिनमध्ये, त्यांच्या समोर, सरळ उभी राहून. पैज होती. मी विचारला नसता, तर मिस्बाह आणि मैथिली दोघींच्या जीवशास्त्राच्या वह्यांतल्या सगळ्या आकृत्या दिवाळीपर्यंत मला काढाव्या लागल्या असत्या, आणि हृदयाच्या आकृतीपेक्षा प्रश्न विचारणं सोपं, असं मला त्या दिवशी वाटलं. दोघी दाराबाहेर उभ्या होत्या. मिस्बाहने ओढणीचं टोक तोंडात कोंबलं होतं, ते फटीतून दिसत होतं.

आवाज कोणता, ते आमच्या गावात सांगावं लागत नाही. तोडणकर सर खुर्चीवर बसले, की 'फुऽऽऽस्स' असा आवाज येतो. लांबलचक. शेवटी बारीकसा 'टुक'. म्हणून सरांचं नाव फुस्सर. पाचवीत नवीन आलेल्या पोराला आधी फुस्सर माहीत होतात, तोडणकर सर वगैरे नंतर कळतं.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"प्राप्ती, दार लाव."

दार लावताना मला मैथिलीचा चेहरा दिसला. मला शेवटचं बघून घ्यावं तशी ती बघत होती.

सर उठले आणि बसले. फुऽऽऽस्स. टुक. परत उठले, परत बसले. फुऽऽऽस्स. टुक. असं चार वेळा.

"कुणाचा?"

"खुर्चीचा, सर."

"नक्की?"

"नक्की, सर. लागोपाठ चार वेळा कुणालाच शक्य नाही."

सर हसले नाहीत. म्हणाले, "अकरा वर्षं झाली. पोरं हसली, शिपाई हसले, पालक हसले. विचारलं मात्र कुणीच नाही. आणि न विचारता मी तरी कसं सांगणार? सूचना काढू? सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की?"

मला हसू आलं आणि त्याच वेळी कसंतरीही झालं.

"पंधरा ऑगस्टला मी सगळा कार्यक्रम उभाच असतो, बघितलंस?"

"हो सर. सगळे म्हणतात, सर शिस्तीचे."

"कसली शिस्त. तीन वर्षांपूर्वी टेबलावरचा माईक चालू राहिला होता."

ते मला आठवत होतं. सगळ्या गावाला आठवतं. बंदरावर जाळी विणत बसलेल्यांनाही ऐकू गेलं होतं.

"मग सर, त्या दिवशी दुसरी खुर्ची घ्या ना. प्लास्टिकची."

"म्हणजे म्हणतील, स्वतःचाच होता म्हणून खुर्ची बदलली. नाही गं. हीच खुर्ची पाहिजे, आणि गप्प पाहिजे. पुढच्या मेमध्ये मी रिटायर होतो. एकदा गावासमोर नीट बसायचंय मला."

"सर, मी करून देते."

हे मी बोलले. पैजेत हे नव्हतं.

आता मी अगदीच हवेत बोलत नव्हते. मे महिन्याच्या सुट्टीत मी आमच्या घरातल्या जेवायच्या चार खुर्च्या नव्याने मढवल्या होत्या. पहिली व्हिडिओ बघून केली. तिच्यावर बसलं की माणूस हळूहळू डावीकडे सरकायचा, जेवताना शेवटी बाबांचं कोपर आईच्या ताटात. मग मी मिस्बाहच्या आजोबांकडे गेले. जैनुद्दीन नाना बावीस वर्षं कुवेतमध्ये मोटारींच्या सीटा शिवत होते. त्यांनी ती खुर्ची उलटी केली, बघितली आणि म्हणाले, "तौबा! बेटा, ही खुर्ची हाय का घसरगुंडी?" पण शिकवलं. कापड कसं ताणायचं, कोपऱ्यात घडी कशी बसवायची आणि चुका कशा मारायच्या. बारीक खिळ्यांना चुका म्हणतात. मूठभर चुका तोंडात धरायच्या आणि एकेक काढून मारायची. चुका तोंडात असल्या की बोलता येत नाही, त्यामुळे आईला नाना फार आवडतात.

चौथी खुर्ची सरळ झाली. मग मी शिलाई मशीनचं स्टूल केलं, झोपाळ्याची गादी केली आणि उरलेल्या पडद्यातून बाबांच्या स्कूटरची सीट. बाबा दिघीला बंदराच्या ऑफिसात आहेत. ते अजून रोज गुलाबाच्या फुलांवर बसून कामाला जातात.

तर त्या संध्याकाळी सरांची खुर्ची आम्ही तिघींनी आळीपाळीने डोक्यावर घेऊन घरी आणली. रस्त्यात प्रत्येक ओटीवरून एकच प्रश्न.

"काय गो, हेडमास्तरची खुर्ची पळवलीव काय?"

"नाही काकी, राजीनामा घेतला," मैथिली म्हणायची.

आईने खुर्ची बघितली, मग मला बघितलं. "दहावीला आहेस ना तू?"

"पाचच दिवस, आई."

"अगं, पण सरांची खुर्ची! काही झालं म्हणजे?"

"काय होणार? आत्ता आहे त्यापेक्षा वाईट काय होणार?"

हे वाक्य मी परत कधी कुठेच बोलणार नाही.

पडवीत बसून मी रेक्झिन उसवलं. आतमध्ये फोम, आणि त्या फोमला कुणीतरी प्लास्टिकच्या पिशवीत घालून गच्च बांधलेलं. दमट हवेने खराब होऊ नये म्हणून. त्या पिशवीला मागच्या बाजूला एक भोक. बोटाएवढं. म्हणजे आमचे सर अकरा वर्षं फुग्यावर बसत होते. मी पिशवी दाबली. फुऽऽऽस्स. टुक. मिस्बाह पडवीत आडवी पडली. मैथिलीने तीच पिशवी आणखी सात वेळा दाबली. मग आतून आई बाहेर आली आणि म्हणाली, "दे इकडे," आणि तिनेही एकदा दाबली.

फोमचा पार भुगा झाला होता. मी नानांकडे गेले.

"फोम नको," नाना म्हणाले. "दर्याकाठच्या हवेत फोम टिकत नाय. काथ्या भर. पयले सगळ्या खुर्च्यांत काथ्याच असायचा. आपल्या वाड्यांत नारळ कमी हायत काय?"

नारळ कमी नव्हते. पण काथ्या म्हणजे सगुणाआक्का. ती आमच्या वाडीत शिंपणाला येते आणि घरी सुंभ वळते, म्हणजे काथ्याची दोरी. नारळाची सोडणं, म्हणजे वरची जाड सालं, ती खाडीच्या चिखलात पुरून ठेवते. सहा-सात महिन्यांनी बाहेर काढते, दांडक्याने ठोकते, की झाला काथ्या. मी गेले तेव्हा तिने नुकतीच सोडणं उकरली होती. वास असा, की मैथिलीने लांबूनच हात जोडले आणि ती घरी गेली.

"ने किती व्हये ते," सगुणाआक्का म्हणाली. "पन बसायला हाय ना? मग सुंभासारखं न्हाय चालायचं. चांगला धू. तीन पान्यांनी धू."

मी आणि मिस्बाहने काथ्या तीन पाण्यांनी धुतला. अगदी तीनच. कंटाळा केला नाही. भरतीची वाट बघितली, म्हणजे पाणी स्वच्छ मिळेल. गुडघाभर पाण्यात उभं राहून एकदा धुतला, पिळला, दुसऱ्यांदा धुतला, पिळला, तिसऱ्यांदा धुतला. हात लाल झाले. तिथेच, खाडीत. आमच्याकडे जाळी तिथेच धुतात, गोणपाटं तिथेच धुतात, गणपतीच्या आधी पाटही तिथेच घासतात. भिजलेला काथ्याचा बोजा चढ चढून विहिरीवर कोण नेणार?

मग वाळवायचा प्रश्न. ऑगस्टातलं ऊन म्हणजे पाहुणाच. मी काथ्या आंघोळीचं पाणी तापवायच्या पाणचुलीच्या वर बांबूंवर पसरला. दोन दिवस आमच्या घरात सगळ्यांच्या अंगाला खाडीचा वास होता. बाबा म्हणाले, ऑफिसात लोक विचारतात, सुकटीचा धंदा सुरू केलात का.

पण काथ्या वाळला. कुरकुरीत वाळला. मी तो पिंजला, स्प्रिंगांवर गोणपाट ताणलं, त्यावर काथ्याचा थर बसवला, वर मांजरपाट आणि वर राखाडी कापड. बोर्लीच्या बाजारातून चांगलं जाडंभरडं आणलं होतं. कोपऱ्यातल्या घड्या अशा बसल्या, की मी त्यांचे फोटो काढले. एकूण एकशे बारा चुका. एकही वाकडी नाही. तेरा तारखेला संध्याकाळी खुर्ची शाळेत पोचवली. सर बसले.

काही नाही.

सर उठले, परत बसले. काहीच नाही. सरांनी मान खाली घालून खुर्चीच्या कडेवरून हात फिरवला, खूप वेळ. "शाब्बास," एवढंच म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

मी घरी नाचत गेले. रस्त्यात पाऊस सुरू झाला. तो चौदा तारखेलाही थांबला नाही.

पंधरा ऑगस्टला सकाळी पाऊस उघडला, पण हवा अशी होती की कागदही ओला लागावा. झेंडावंदनाला सगळं गाव. व्हरांड्यात टेबल, टेबलावर माईक, आणि मधोमध माझी खुर्ची. म्हणजे सरांची. सर पांढऱ्या सदऱ्यात, पांढऱ्या पँटमध्ये, इस्त्री अशी की घडीने बोट कापेल. झेंडा फडकला, राष्ट्रगीत झालं. सरांनी भाषण केलं, ते संपवलं आणि वळून खुर्चीकडे बघितलं.

माईक चालूच होता. सरांनी मुद्दाम चालू ठेवला होता, हे मला आणि त्यांनाच माहीत.

पोरांनी श्वास धरले. मागे उभ्या असलेल्या बाप्यांनी एकमेकांना कोपरं मारली. सर बसले.

सगळं गाव ऐकत होतं आणि काहीही ऐकू आलं नाही. कावळा ओरडला तेवढाच.

सर उठले, खिशातून रुमाल काढल्यासारखं केलं आणि परत बसले. मग उठून माईक सरळ केल्यासारखं केलं आणि परत बसले. पाचवीच्या रांगेत एक पोरगं मोठ्याने म्हणालं, "बिघडली काय?" मिस्बाहने माझा हात इतका दाबला, की नखं उमटली. सर टेकून बसले. पाचवीपासून आज पहिल्यांदा मी त्यांची पाठ खुर्चीला टेकलेली बघितली. मग सरपंच बोलले, उपसरपंच बोलले, पहिलीतल्या मुलींनी नाच केला. सर चाळीस मिनिटं बसले. आरामात.

शेवटी वंदे मातरम्. सगळे उठले. सर उठले आणि झेंड्याकडे वळले. झेंडा व्हरांड्याच्या पलीकडच्या टोकाला. म्हणजे पाठ आमच्याकडे.

पांढऱ्या पँटवर मागे, मधोमध, रायगड जिल्ह्याच्या नकाशाएवढा ओला डाग. खाड्यांसकट.

वंदे मातरम् चालू असताना कुणी हलत नाही. कुणी हललंही नाही. पण खांदे हलत होते. माझ्या पुढच्या रांगेतली सगळी डोकी थरथरत होती. शेवटची ओळ संपली, आणि मागून कुठूनतरी आलंच.

"सरांना झाली!"

हशा असा उठला, की पत्र्यावरचे पारवे उडाले. सरांनी मागे हात लावला. हाताकडे बघितलं. आणि त्यांचा चेहरा बघून मला कळलं, की आवाजाचं नाव तरी विनोदी होतं, या नव्या नावाने ते मेपर्यंत केबिनच्या बाहेर येणार नाहीत.

माझ्या आधी नाना पोचले. पांढरी दाढी, पांढरा झब्बा, हातात काठी. व्हरांड्यात चढले, खुर्चीवर तळवा दाबला. कापडातून पाणी वर आलं. नानांनी ते बोटावर घेतलं आणि सरळ जिभेला लावलं.

"ईऽऽऽऽ!" अख्खी शाळा ओरडली. मिस्बाह खाली बसली आणि तिने डोकं गुडघ्यांत घातलं. "अम्मीला सांग, मी कुवेतला गेले," ती म्हणाली.

"खारट!" नाना माईकमध्ये म्हणाले. "मीठ हाय, मीठ!"

"ते पण खारटच असतं, नाना!" मागून आवाज आला.

परत हशा. नाना चिडले. "अरे, गप बसा! पोरीने काम बराबर केलंय. मी चुका बघितल्या. एकशे बारा चुका हायत!"

यावर तर लोक जमिनीवर लोळायचेच बाकी राहिले.

तेव्हा मला उमगलं. मीठ. मीठ हवेतलं पाणी ओढतं. आमच्या घरातल्या बरणीत जुलैमध्ये तेच होतं, दरवर्षी, आणि दरवर्षी आई त्यात तांदळाचे दाणे घालते. मी पळत वर गेले आणि नानांच्या हातातून माईक घेतला.

"सरांना काही झालेलं नाही," मी म्हणाले. माझा आवाज बंदरापर्यंत गेला. "खुर्चीत मीठ आहे. मीच भरलंय. म्हणजे काथ्या भरला, पण तो खाडीत धुतला होता. तीनदा. मीठ राहिलं, त्याने दोन दिवस ओल धरली आणि सर बसल्यावर ती पिळून निघाली. चूक माझी आहे. एकशे बारा लोखंडाच्या आहेत, ही एक माझी."

बायकांच्या घोळक्यातून सगुणाआक्का पुढे आली. "अगो बाय माझे! खाडीत धुतलास? खाडीतनं काढलेला खाडीत धुतात? गोड्या पान्यात धुवाचा गो!"

"तुम्ही गोड्या असं म्हणाला नाहीत!"

"आता काय आंब्यावर चढ सांगताना 'वर' चढ, असंपन सांगायचं?"

लोक हसले, पण थोडे. अजून सगळ्यांचे डोळे सरांच्या मागेच होते. मागच्या बाप्यांतला एक म्हणालाच, "पोरगी सरांना वाचवतेय."

मग मी खुर्चीवर बसले.

"दोन मिनिटं थांबा," मी माईकवर सांगितलं. "घड्याळ लावा."

गणिताच्या मॅडमनी खरोखर घड्याळ लावलं. सगळं गाव माझ्याकडे बघत होतं आणि मी हेडमास्तरांच्या खुर्चीत बसले होते. पहिल्या अर्ध्या मिनिटात गार लागलं. मग ओलं लागलं. आई समोरच होती आणि मानेने नको, नको, नको करत होती. ती काय म्हणत होती ते मला नीट कळत होतं. मुलीच्या ड्रेसला मागे डाग म्हटलं, की मैत्रिणी दोन्ही बाजूंनी भिंत करून घरी नेतात, बॅग मागे धरायला लावतात. कुणाला दिसू द्यायचं नसतं. आणि मी ते मुद्दाम दाखवायला बसले होते. उठून पळावंसं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. पण शेजारी सर उभे होते. दोन्ही हात मागे, डागावर.

"झाली दोन मिनिटं," मॅडम म्हणाल्या.

मी उठले आणि गावाकडे पाठ केली.

निळ्या कुर्त्यावर सरांच्याहून मोठा डाग होता, असं नंतर मैथिलीने सांगितलं. तेव्हा मी फक्त समोरच्या भिंतीकडे बघत होते. मग मिस्बाह, जी कुवेतला गेली होती, ती ओरडली, "आता बोला!" आणि टाळ्या सुरू झाल्या. मागचे बापेही वाजवत होते. पाचवीतलं ते पोरगं वर आलं, म्हणालं, "मी पण बसू?" आणि उत्तराची वाट न बघता बसलं. मग त्याच्या मागे रांगच लागली.

सरांनी हात पुढे घेतले. माईक घेतला. "आवाज आला का?" त्यांनी गावाला विचारलं.

"नाही!" सगळे.

"मग तो कुणाचा होता?"

"खुर्चीचा!"

"वहीत लिहून घ्या," सर म्हणाले आणि हसले. तोंड उघडून, दात दाखवून. त्यांचा पुढचा एक दात सोन्याचा आहे, हे आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं.

घरी मात्र टाळ्या नव्हत्या. ड्रेस बदलून बाहेर आले, तर आई आणि बाबा ओटीवर शेजारी शेजारी बसले होते. ते शेजारी बसले म्हणजे त्यांचं आधी बोलून झालेलं असतं.

"अख्ख्या गावाकडे पाठ करून उभी राहिलीस," आई म्हणाली.

"हो."

"लाज नाही वाटली?"

"वाटली. पण सरांना जास्त वाटत होती."

आईने बाबांकडे बघितलं. बाबांनी घसा साफ केला. "हे बघ प्राप्ती, जे केलंस ते... म्हणजे धीराचं होतं. सर जाताना मला भेटले. माझा हात धरून उभे राहिले. पण आता पुरे. सरांची खुर्ची मी म्हसळ्याला देतो दुरुस्तीला. तुझं दहावीचं वर्ष आहे."

"म्हसळ्याला फोम भरतील."

"भरू देत."

"पिशवीत घालून भरतील, बाबा."

मी त्यांच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसले. रस्ताभर तेच डोक्यात चाललं होतं आणि घर येईपर्यंत पक्कं झालं होतं.

"माझं ठरलंय," मी म्हणाले. "उद्या शाळा सुटल्यावर खुर्ची परत इथे येणार. मी ती पूर्ण उसवणार. सगळा काथ्या विहिरीच्या पाण्यात धुणार, आणि प्रत्येक पाणी चाखून बघणार, अळणी लागेपर्यंत. मग नवरात्रानंतरच्या उन्हात वाळवणार, पाणचुलीवर नाही. घाई नाही करणार. दर रविवारी दुपारी नानांकडे बसून शिकणार. सव्वीस जानेवारीला सर गावासमोर बसतील आणि कोरडे उठतील. अभ्यास मी सकाळी पाचला उठून करीन. गजर लावलाय."